फँटसीतला शहाणा राजा बोअर काहून होते?

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. आपल्या नागपूरचाच एक पोरगा आहे, दिवसा आयटीत नोकरी आणि रात्री बसून फँटसी कादंबरी लिहून राहिला. राज्याचं नाव धुकेगड, राजाचं नाव सोमकेतू, एकोणिसाव्या वर्षी गादीवर बसतो, चाळीस वर्षं राज्य करतो, प्रजा सुखी. राजाला एक शक्ती पण आहे, समोरचा माणूस खोटं बोलला की ह्याच्या कानात घंटी वाजते. सैन्यात उडते घोडे आहेत. पहिली काही प्रकरणं मला पाठवून त्याने विचारलं की दादा, ज्याला ज्याला वाचायला दिलं तो म्हणते राजा चांगला आहे पण बोअर आहे, व्हिलन आला की मजा येते, तर शहाणा माणूस इंटरेस्टिंग करायचा कसा आणि त्याचं पूर्ण आयुष्य कादंबरीत बसवायचं कसं.

मी बरीच वर्षं अशाच गोष्टी लिहितो, दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बस.

भाऊ, भाषा तुझी चांगली आहे, धुक्याची वर्णनं तर मस्तच जमली आहेत. अडचण एकच आहे, तुझ्या राजाच्या शहाणपणाचं बिल कोणीच भरत नाही. दुसऱ्या प्रकरणात तो दुष्काळात सारा माफ करते, लोकं जयजयकार करतात, प्रकरण संपलं. अरे पण सारा माफ केला तर त्या वर्षी सैन्याचा पगार कुठून आला? तिजोरीतून आला असेल तर तिजोरीत होतं किती? पुढच्या वर्षी पण पाऊस नाही आला तर? कोणाचं तरी काही तरी गेलंच पाहिजे ना बाप्पा. ज्या निर्णयात कोणाचंच काही जात नाही तो निर्णय घ्यायला शहाणपण लागतच नाही, तो कोणीही घेईल, माझ्यासारखा पण घेईल. व्हिलन आला की मजा काहून येते माहीत आहे का, कारण व्हिलनने काही केलं की कोणाचं तरी नुकसान होते आणि वाचणारा लगेच सावरून बसते. तुझा राजा चांगला आहे म्हणून बोअर नाही झाला, त्याचा चांगुलपणा तू फुकट वाटून राहिला म्हणून झाला.

तो दरबारातला सीन, दोन भाऊ शेताच्या बांधावरून भांडत येतात, राजा दोघांना एकेक प्रश्न विचारते, घंटी वाजते, खोटारडा पकडला जाते आणि सगळे धन्य धन्य करतात, हा सीन माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात असते. ही हुशारी झाली, कोडं सोडवलं. चाळीस वर्षांच्या राज्यात कोडी कमीच येतात. येते काय तर वसुली, पाणी, धान्याचा साठा, रस्ते, सैन्याचा पगार, सोयऱ्याधायऱ्यांची कुरबुर, आणि वारस कोण. आता तू म्हणशील हे तर अजूनच बोअर झालं. नाही होत. दाखवतो.

शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे १६७३ च्या मे महिन्यातलं, म्हणजे राज्याभिषेकाच्या एक वर्ष आधीचं. चिपळूणकडे घोडदळाची छावणी पडली होती, पावसाळा तिथेच काढायचा होता, आणि तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना हे पत्र गेलं. मोहिमेबद्दल त्यात फारसं काही नाही, आहे ते दाणा आणि गवताबद्दल. आशय असा की पावसाळ्यासाठी जो साठा जमवला आहे तो आत्ताच वाट्टेल तसा उडवला तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी, आणि मग ते बिचारे घरंदारं सोडून पळतील, म्हणतील ह्यांच्यापेक्षा मोगल बरे. एवढ्यावर थांबत नाही ते पत्र. पुढे आगीचं येते, कोणी चूल पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, वाऱ्याचं भान ठेवणार नाही, रात्री दिवा तसाच जळत राहील आणि उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, गंज जळाले की घोडी गेली.

आता तू एक लेखक म्हणून हे बघ. राजा शहाणा आहे असं त्या पत्रात कोणीच म्हणत नाही. पण ज्या माणसाला कुठल्या तरी लांबच्या छावणीतला दिवा आणि तो उंदीर डोळ्यासमोर दिसते, आणि उंदरापासून सरळ पुढे जाऊन रयत कोणाला बरं म्हणेल इथपर्यंत दिसते, त्या माणसाबद्दल वाचणाऱ्याला वेगळं काही सांगायची गरजच राहत नाही. एका बारीक गोष्टीपासून मोठ्या गोष्टीपर्यंतची पूर्ण साखळी दिसणं, हे शहाणपण कागदावर आणायचा मला माहीत असलेला सगळ्यात भारी प्रकार आहे.

तर तुझे उडते घोडे. खातात काय ते? मी पूर्ण वाचलं, कुठेच नाही लिहिलं. उडणारं जनावर म्हणजे खाणं डबल, आणि धुकेगडात तर सहा महिने धुकं, गवत वाळणार कधी? मग चारा येणार कुठून, खालच्या सपाटीच्या गावांतून. ती गावं तो देणार काहून, त्यांच्या बैलांना काय घालणार मग? बघ, एवढ्या एका प्रश्नातून तुझ्या राज्याचा नकाशा, व्यापार, कोण कोणावर चिडून आहे हे सगळं आपोआप निघते. सोमकेतूला पहिल्यांदा दाखवायचं असेल तर सिंहासनावर नको दाखवू, पागेत दाखव, चाऱ्याचा हिशोब जुळत नाही आणि तो मोतद्दाराला विचारून राहिला की गेल्या वर्षीपेक्षा घोडे कमी आणि चारा जास्त लागला तो कसा काय. मोतद्दार उत्तर देते, घंटी वाजते. आता पुढे? मोतद्दार चोर आहे हे राजाला कळलं, पण तोच एक माणूस आहे ज्याच्या हाताखाली ते घोडे शांत राहतात. इथे प्रकरण सोड. वाचणारा पान उलटणारच.

आता पाण्याकडे येतो, काहून की आपल्या विदर्भात राजाचा शहाणपणा बघायचा तर तलाव बघायचे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गेला असशील तर मामा तलाव ऐकले असतील, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. हजारोंनी आहेत. त्यातले कित्येक गोंड राजांच्या काळापासूनचे, आणि भंडारा-गोंदियाकडे ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा, उतार बघून बांध कुठे घालायचा हे त्यांना पक्कं कळायचं, आजही धानाची शेती त्या पाण्यावर होते. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांबद्दल सांगतात की जो जंगल साफ करेल, तलाव बांधेल, त्याला जमीन मिळायची. म्हणजे राजाने स्वतः तिजोरी रिकामी करून तलाव नाही बांधले, बांधणाऱ्याचा फायदा तलावाला जोडून दिला. हे एक वाक्य तुझ्या सगळ्या 'प्रजाहितदक्ष' वाल्या पॅरेग्राफपेक्षा जास्त सांगते.

पण तलाव म्हटला की कोणाचं तरी बुडते. आणि तुझा सीन तिथे आहे. एक आठवण करून देतो, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात झाडांबद्दल एक भाग आहे, आरमाराला लाकूड लागते पण रयतेच्या आंबे-फणसाच्या झाडांना हात लावायचा नाही, काहून की लोकांनी ती लेकरांसारखी बरीच वर्षं सांभाळून वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार नाही, आणि एखादं अगदीच जुनं झालेलं झाड पाहिजेच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यायचं. हे डोक्यात ठेवून मी तलावाच्या बांधाचा सीन असा लिहिला असता, कच्चा आहे, घे:

बांध अर्धा झाला आहे. राजा बघायला येते. एक बुढी त्याच्या घोड्यापुढे येऊन उभी राहते, शिपाई हटवतात तर हटत नाही. म्हणते, "जमीन त्वा देल्ली तिकडं, चांगली देल्ली, मी नाई म्हनत नाई. पन हे आंबे माह्या सासूनं लावले. तिकडं लावीन म्या, पन फळ येईस्तोवर मी राहीन का?" राजा ऐकते. घंटी वाजत नाही. कारकून हळूच म्हणते, महाराज, झाडाचे पैसे द्यायची पद्धत नाही आपल्याकडे, हिला दिले तर पुढच्या प्रत्येक बांधावर द्यावे लागतील. राजा म्हणते, बरोबर आहे, मग तसंच लिही, प्रत्येक बांधावर. कारकून लिहिते. लिहिताना थांबते आणि विचारते, मग पूर्वेकडच्या दुसऱ्या तलावाला पैसे उरणार नाहीत, तो ह्या वर्षी घेऊ की पुढच्या? राजा बराच वेळ बोलत नाही. मग म्हणते, नाही घ्यायचा.

बस. बुढीला न्याय मिळाला आणि पूर्वेकडची गावं कोरडी राहिली. आता तुझ्या बाराव्या प्रकरणात जे बंड होते ना, ज्याला तू आत्ता काहीच कारण दिलेलं नाही, नुसतं दुष्ट मांत्रिकाने लोकांना भडकवलं असं लिहून सोडलं, ते बंड ह्याच गावांतून येऊ दे. बंडखोर बरोबर आहेत. राजा पण बरोबर आहे. मांत्रिक पाहिजे तर ठेव, पण त्याला भडकवायला खरी गोष्ट दे, खोट्या गोष्टीवर कोणी किती दिवस भडकते?

आता घंटी. ही तुझ्याकडची सगळ्यात चांगली आयडिया आहे आणि तू ती एकदम चिल्लर कामाला लावली, चोर पकडायला. जरा बसून विचार कर, चाळीस वर्षं राजाला खोटं ऐकू येते म्हटल्यावर दरबाराचं काय होईल. पहिल्या काही वर्षांतच लोकं शिकतील. कोणी सरळ विधानच करणार नाही. सगळे प्रश्नात बोलतील, "महाराज, असं तर नसेल ना की कोठारात उंदीर झाले?" नाही तर "ऐकलं आहे की" लावून बोलतील, ऐकलेलं तर खरंच ऐकलेलं असते, घंटी कशाला वाजेल? काही जण मुद्दाम काहीच माहीत करून घेणार नाहीत, माहीतच नाही तर खोटं कुठून बोलणार. आणि ज्याला स्वतःचं खोटं मनापासून पटलं आहे तो माणूस सगळ्यात डेंजर, त्याच्यापुढे घंटी मुकी. धुकेगडाच्या दरबाराची अशी एक वेगळीच बोली तयार होईल आणि दुसऱ्या राज्याचा दूत पहिल्यांदा आला की त्याला समजणारच नाही की हे लोकं सरळ काहून बोलत नाहीत. तुला तिथे कॉमेडी पण मिळेल, आणि कादंबरीला ती पाहिजेच आहे, सध्या कोणी हसतच नाही त्या राज्यात.

ह्याच्या पुढची पायरी महत्त्वाची आहे. घंटी फक्त राजाला ऐकू येते. म्हणजे राजा म्हणाला हा खोटं बोलते तर बाकीच्यांनी मानायचं कशावरून? आज राजा चांगला आहे म्हणून मानतात. उद्या त्याचा पोरगा म्हणाला मला पण घंटी ऐकू येते, आणि येत नसली, तर? तुझ्या राजाला हे एक दिवस समजलं पाहिजे, साधारण गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाल्यावर, आणि त्याने स्वतः न्याय करणं बंद केलं पाहिजे. पंच बसवले पाहिजेत, साक्षीदार, कागद, वहिवाट काय आहे ते बघणं, म्हणजे तो वेळखाऊ सगळा प्रकार ज्याला लोकं आजही शिव्या देतात. प्रजा नाराज होईल, आधी महाराज एका दिवसात निकाल द्यायचे आता सहा महिने लागतात म्हणून बोंबलतील.

आणि मग तो सीन लिही. पंचांसमोर एका माणसावर चोरीचा आळ आहे. राजा मागे बसला आहे. माणूस म्हणते मी नाही केली. घंटी वाजत नाही. साक्षीदार म्हणते मी ह्याला पाहिलं. घंटी वाजते, जोरात वाजते. पंच साक्षीदारावर विश्वास ठेवतात, काहून की कागदावर सगळं त्याच्याच बाजूने आहे, आणि माणसाला शिक्षा देतात. राजाला माहीत आहे. एक शब्द बोलला तर तो सुटते, आणि बोलला तर पंचांचा जो काही मान त्याने मोठ्या मेहनतीने उभा केला तो त्या मिनिटाला मेला, उद्यापासून हरलेला प्रत्येक माणूस राजाकडेच धावेल. काय करते तो? मी तुला सांगणार नाही. दोन्हीही लिहून बघ, वेगवेगळ्या फाइलमध्ये. मला वाटते तो गप्प राहते आणि रात्री वेश बदलून नाही तर दुसरं काही करून त्या माणसाच्या घरच्यांचं बघते, आणि ते पुरत नाही हे त्याला माहीत असते. पण तुझा सोमकेतू तुला जास्त माहीत. काहीही निवड, फक्त एक कर, तो माणूस पुढे कादंबरीत परत आला पाहिजे, त्याला एका सीनमध्ये वापरून फेकू नको.

हा सीन जमला ना तर तुला तुझ्या राजाबद्दल "प्रजावत्सल", "न्यायप्रिय" हे शब्द सगळीकडून काढता येतील, आणि काढच.

राजाभोवतीची माणसं. तुझ्या राजाचे सगळे मंत्री त्याचं ऐकतात, एक सेनापती आहे तो तर जीव ओवाळून टाकते. असं नसते रे. अहिल्याबाई होळकरांचं बघ. १७६७ ते १७९५, अठ्ठावीस वर्षं महेश्वरहून कारभार केला, आजही सगळीकडे त्यांचे घाट, मंदिरं, धर्मशाळा आहेत, त्या तर सगळ्यांना माहीत आहेत. पण लेखकाने बघायची गोष्ट दुसरी आहे. फौज तुकोजी होळकरांकडे, खजिना आणि मुलकी कारभार बाईंकडे. तुकोजी कायम मोहिमेवर, कायम पैशाच्या तंगीत, आणि बाई हिशोब मागणाऱ्या. वर्षानुवर्षं ह्यावरून कुरबुर चालली. दोघंही आपापल्या जागी बरोबर, दोघांनाही एकमेकांशिवाय चालत नव्हतं. बाहेरच्या शत्रूशी लढाई एका दिवसात संपते, घरातल्या ह्या असल्या माणसाशी ती आयुष्यभर चालते, आणि कादंबरीला आयुष्यभर चालणारीच पाहिजे. तुझ्या सेनापतीला तोंड दे, त्याला त्याच्या शिपायांसाठी पैसे मागू दे.

आणि दुःख. तुझा राजा चाळीस वर्षांत एकदाही रडत नाही. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात गेले, त्या सती जायला निघाल्या तर सासऱ्यांनी, मल्हाररावांनी, थांबवलं. १७६६ मध्ये सासरे गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. आणि १७९१ मध्ये जावई वारल्यावर मुलगी मुक्ताबाई सती गेली, बाईंनी विनवण्या केल्या पण ती थांबली नाही. जिला स्वतःला कोणी तरी थांबवलं होतं तिला आपल्या पोरीला थांबवता आलं नाही. एवढ्या मोठ्या राज्यात शब्द चालते आणि घरात चालत नाही. मी ह्यावर जास्त काही लिहीत नाही, तू फक्त विचार कर की सोमकेतूचं असं काय आहे जे त्याला येत नाही, जिथे त्याचा शब्द चालत नाही. सध्या त्याची बायको फक्त आरती ओवाळायला येते, तिच्यापासून सुरू कर.

बालपण पटकन सांगतो. धूमकेतू काढ, भविष्यवाणी काढ, गुरूच्या आश्रमातली पंधरा पानं एका पानात आण. शहाणपण जन्मतः आलं म्हटलं की गोष्टच संपली. आपल्या नागपूरचा बख्त बुलंद शहा बघ ना, देवगडचा गोंड राजा. गादीसाठी भाऊबंदकी होती, तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, इस्लाम स्वीकारला, बादशहाची मान्यता घेऊन गादी मिळवली. तिकडे त्याने भरभराटीची शहरं बघितली, परत आल्यावर ठिकठिकाणचे शेतकरी, कारागीर, व्यापारी आणून वसवले, आणि १७०२ मध्ये बारा छोटी गावं जोडून नागपूर वसवलं म्हणतात. आणि मग त्याच बादशहाविरुद्ध उठला. ह्यातलं काहीच साफसूफ नाही, तडजोड आहे, फायदा आहे, शिकणं आहे, उलटणं पण आहे. तुझा सोमकेतू एकोणिसाव्या वर्षी कोणाच्या तरी उपकाराखाली गादीवर येऊ दे, आणि तो उपकार फेडायचा की नाही हा प्रश्न त्याला पुढची दहा वर्षं छळू दे. बालपणापेक्षा ते कामाचं आहे.

शेवट. तू लिहिलं आहे की राजा शांतपणे मरते, पोरगा गादीवर बसते, फुलं पडतात. माझं तर म्हणणं आहे राजाला कादंबरी संपायच्या बरंच आधी मार. शहाण्या राजाचं मरण ही त्याच्या कामाची खरी तपासणी आहे, आणि ती तपासणी पण आपल्याच गावात झाली आहे. बख्त बुलंदानंतर चांद सुलतान आला, त्याने राजधानी देवगडहून नागपूरला आणली, शहराला कोट बांधला, जुम्मा तलाव केला, तोच आपला शुक्रवारी तलाव, आताचा गांधीसागर. कर्तबगार माणूस. तो गेला आणि घरातल्याच वली शहाने गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा राणी रतनकुंवर, तिने पोरांच्या हक्कासाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. ते आले, वली शहाला हटवलं, पोरांना गादीवर बसवलं, मोबदला घेतला आणि परत गेले. मग त्या दोन भावांत, बुऱ्हाण शहा आणि अकबर शहात, जुंपली. रघूजी परत आले, आणि ह्या वेळी गेलेच नाहीत. १७४३ पासून नागपूर भोसल्यांचं. बुऱ्हाण शहा नावाचा राजा राहिला, त्याच्या घराण्याला मान राहिला, नागपुरातल्या महाल भागाकडे गोंड राजाचा किल्ला आजही म्हणतात, पण कारभार गेला. तलाव राहिला, शहर वाढलं, घराणं संपल्यासारखं झालं.

आता सांग, चांद सुलतान शहाणा होता की नव्हता? मी कार्यशाळेत हा प्रश्न टाकतो तर अर्धा तास भांडण होते. कोणी म्हणते तलाव आजही आहे मग अजून काय पाहिजे, कोणी म्हणते दोन पोरांमध्ये एक ओळ लिहून ठेवली असती तर. माझं मत दुसऱ्या बाजूला जाते, पण पक्कं नाही, ओळ लिहून ठेवली असती तरी ती मानायला माणसं लागतात. त्या राणीचं पण बघ, तिने जे केलं ते त्या दिवशी एकदम बरोबर होतं, पोरं वाचली, हक्क मिळाला, आणि त्याच निर्णयाने पुढे राज्य गेलं. असली एक बाई तुझ्या कादंबरीत पाहिजे. ती आरती ओवाळणारी राणी आहे ना, हे तिला दे.

म्हणजे धुकेगडात काय करायचं, सोमकेतू साधारण दोन तृतीयांश कादंबरीवर मरते. घंटी वारसाला नाही. पूर्वेकडची गावं अजून चिडलेली आहेत. सेनापतीचे पैसे थकले आहेत. मोतद्दार अजून तिथेच आहे, म्हातारा, घोडे त्याचंच ऐकतात. पंचांनी ज्याला शिक्षा दिली होती तो माणूस परत आला आहे. आणि नवा राजा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगा, दरबारात बसला आहे आणि सगळे त्याच्याशी अजून प्रश्नातच बोलून राहिले, सवयीने, आणि त्याला कळतच नाही की कोण खरं सांगून राहिलं. त्याच्यापुढे पहिलीच केस येते आणि त्याला सवय झाली आहे की बाबा असते तर लगेच सांगितलं असतं. तो निकाल स्वतः देते की पंचांकडे पाठवते? सोमकेतू शहाणा होता की नव्हता हे ह्या एका गोष्टीवरून ठरते आणि तेव्हा तो जिवंत पण नाही, त्याला हातच घालता येत नाही. अशा ठिकाणी आणून ठेव त्याला.

लिहिताना एक प्रॅक्टिकल गोष्ट, राजवटीची चाळीस वर्षं वर्षवार लिहीत बसू नको, ते बखरीसारखं होते आणि बखर पण बरी वाटते काहून की तिच्यात निदान शिव्या असतात. चार-पाच वर्षं निवड, ज्या वर्षी काही तरी मोजावं लागलं ती. चाऱ्याचं वर्ष, तलावाचं वर्ष, पंचांचं वर्ष, बंडाचं वर्ष, मरणाचं वर्ष. मधली वर्षं एका ओळीत उडवून टाक, "नऊ वर्षं पाऊस बरा झाला" एवढं लिहिलं तरी चालते, शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

संवादाचं पण बघ जरा. तुझा राजा बोलते ते सगळं सुविचारासारखं, शाळेच्या फळ्यावर लिहिण्यासारखं. त्याला अर्धी वाक्यं बोलू दे. त्याला "बघू" म्हणू दे. कारभार करणारी माणसं सगळ्यात जास्त वापरतात तो शब्द "बघू" आहे, त्यात हो पण असते, नाही पण असते आणि पैसे नाहीत हे पण असते. आणि नुसतं "प्रजा" "प्रजा" करू नको, तुझ्या पूर्ण हस्तलिखितात प्रजेतल्या एकाही माणसाला नाव नाही, सगळे 'एक वृद्ध शेतकरी', 'एक गरीब स्त्री'. नावं दे, गावं दे, कोण काय पिकवते ते दे.

तू शेवटी विचारलं होतं की तीन भागांची सिरीज करू का. नको करू आत्ता. मराठीत नवीन लेखकाचा पहिला भाग वाचून दुसऱ्यासाठी वर्षभर थांबणारे वाचक थोडे आहेत, आणि प्रकाशक पण पहिला खपला की नाही ते बघूनच पुढचं बोलते. सध्या एकच पुस्तक कर, राजाच्या मरणापुढे एक वर्ष तरी जाऊ दे त्याला, आणि ते शेवटचं वर्ष आधी लिही. ते झालं की पीडीएफ नको, वर्ड फाइल पाठव, त्यात मला खुणा करायला बरं पडते.